अंश, छेद आणि आमचा बाबू

मी खाप्याचा. हे वाक्य कॉलेजात पहिल्या दिवशी म्हटलं, तेव्हापासून आजपर्यंत एकच उत्तर मिळत आलंय – "अच्छा, खापरखेडा! पॉवर स्टेशनवालं!" नाही हो. खापरखेडा वेगळं, खापा वेगळं. दोन्ही सावनेर तालुक्यात, एवढंच काय ते नातं. आमचं खापा म्हणजे कन्हान नदीच्या काठचं जुनं गाव. एकेकाळी इथल्या हातमागाच्या कापडाला नाव होतं. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आहेत. पण पुढचा माणूस गोंधळला की आपण हसून सोडून देतो आणि मनात म्हणतो, एक दिवस असं नाव सांगीन की समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावंच लागणार नाही!

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये दरवर्षी पहिल्या सेमचा निकाल लागला की डोळे येण्याच्या साथीसारखी एक साथ पसरते. तिचं नाव 'ट्रान्सफर'. लक्षणं ठरलेली. पेशंट मेसमध्ये वरणाकडे बघत बसतो, रात्री दोनपर्यंत मोबाईलवर कुठल्या तरी भारी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसचे व्हिडिओ बघतो, आणि सकाळी रूमवर येऊन म्हणतो, "यार, आपले चान्सेस किती आहेत रे?" मला वही-पेन घेऊन हिशोब करायची खोड असल्यामुळे हे पेशंट बहुतेक माझ्याकडेच येतात. पण २०२४ च्या दिवाळीत जो पेशंट आला तो घरचाच निघाला. माझा मावसभाऊ. घरी त्याला सगळे बाबूच म्हणतात, इथेही तेच चालू द्या.

बाबू तेव्हा एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला होता. अभ्यासात चांगला, पण त्याला कॉलेज पटत नव्हतं. लॅबमध्ये एका यंत्रावर दहा जण, आणि कंपन्या येतात त्या सेल्सच्या नोकऱ्या घेऊन. म्हणाला, "दादा, खरं खरं सांग. मोठ्या जागी जायचे माह्ये चान्सेस किती आहेत?"

मी म्हटलं, "मोठी जागा म्हणजे?"

"आयआयटी, नाहीतर व्हीएनआयटी. नाहीतर मंग अमेरिका."

अमेरिका अशी सहज 'नाहीतर'मध्ये कशी आली ते मला मावशीच्या घरी गेल्यावर कळलं. नागपूरच्या एका कन्सल्टन्सीचा माणूस येऊन गेला होता. एक वर्ष इथं, पुढची तीन वर्षं तिथं, 'टॉप युनिव्हर्सिटी'त थेट ट्रान्सफर. आधी दीड लाख भरायचे, ते परत मिळणार नाहीत. बाकीचं कर्ज काढून. काका खाणीत नोकरीला, निवृत्तीला चार वर्षं उरलेली, आणि दोन एकर संत्र्याची बाग. ती बाग तारण ठेवायचा कागद टीव्हीखालच्या कपाटात तयार होता. काका म्हणाले, "तो म्हणते का नव्वद टक्के गॅरंटी आहे. तू इंजिनेर होऊन राह्यला, तूच सांग बापा, करू का सही?"

आता हा प्रश्न होस्टेलच्या गप्पांमधला राहिला नव्हता. दोन एकर बाग त्याला टांगलेली होती.

आमचे आजोबा विणकर होते. घरात खड्डामाग होता. व्यापारी कितीही गोड बोलला तरी आजोबा आधी सूत मोजायचे, ताण्याला किती लागेल, बाण्याला किती लागेल, आणि मग साडीचा भाव बोलायचे. मी बाबूला म्हटलं, आपणही सूत मोजू. 'चान्स' म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. वरचा आकडा म्हणजे जागा. खालचा आकडा म्हणजे त्या जागेसाठी रांगेत उभे असलेले लोक. तू हुशार आहेस की नाही हे त्याच्या नंतर. पहिला प्रश्न, मुळात जागा आहे का? दुसरा, तू त्या रांगेत उभा तरी राहू शकतोस का? वहीत चार ओळी आखल्या.

पहिली ओळ : आडवी उडी. म्हणजे आपल्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातून थेट आयआयटीच्या किंवा व्हीएनआयटीच्या दुसऱ्या वर्षात. काका अजून व्हीएनआयटीला 'व्हीआरसी'च म्हणतात. बरोबरच आहे, १९६० साली ते विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालं आणि २००२ मध्ये एनआयटी झालं. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात हे बाबूला पाठ होतं. पण त्या जागा पहिल्या वर्षाच्या, जेईई मेनच्या रँकवरच्या. बाहेरच्या कॉलेजातून बी.टेक.च्या मध्येच शिरायला दार नाही, आयआयटीलाही नाही. अंश शून्य. अंश शून्य असला की छेद कितीही असो, आणि बाबूचा सीजीपीए कितीही असो, उत्तर शून्यच.

बाबू म्हणाला, "पण दादा, आता तर क्रेडिट बँक आहे ना? एबीसी आयडी काढला ना आपण?" हा गैरसमज आपल्या होस्टेलवरही भरपूर आहे म्हणून लिहितो. २०२१ मध्ये यूजीसीने अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. तिच्यात तुमची क्रेडिट्स जमा राहतात. पण पासबुकात पैसे असले म्हणून कोणी घर विकायला बांधील नसतो! प्रवेश द्यायचा की नाही हे त्या त्या संस्थेचे नियमच ठरवतात.

दुसरी ओळ : पुन्हा जेईई. इथं दार आहे, पण ते पहिल्या वर्षाचं. म्हणजे एक वर्ष आणि एका वर्षाची फी पाण्यात. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. बाबूची बारावी २०२४ ची, म्हणजे २०२५ ची एक संधी शिल्लक होती. गंमत बघा, नेमक्या त्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबर २०२४ ला, दोनच्या तीन संधी केल्याची घोषणा झाली. बाबू उड्या मारायला लागला – "कॉलेज सोडतो, दोन वर्षं आहेत आता!" मावशीने त्याला थांबवलं म्हणून बरं. १८ नोव्हेंबरला ती घोषणा मागे घेतली गेली, परत दोनच संधी. या तेरा दिवसांत देशात काही मुलांनी खरंच कॉलेज सोडलं होतं. शेवटी सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये, त्या तारखांच्या दरम्यान कॉलेज सोडलेल्यांना परीक्षेला बसू दिलं. बातमी वाचून राजीनामा लिहायचा नसतो, एवढं त्यातून शिकून ठेवा.

आता आकडे. २०२४ च्या अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० मुलांनी दिले, ४८,२४८ पात्र ठरले, आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा साडेसतरा हजारांच्या थोड्या वर. म्हणजे 'पात्र' झालेल्यांतलेही निम्म्याहून जास्त बाहेरच. ओबीसी मुलांना पात्र व्हायला ३६० पैकी ९८ लागले होते, बाबूला होते ६१. आणि आता हातात सहा महिने, तेही सबमिशन, व्हायवा आणि दुसरं सेम सांभाळून. मी वहीत लिहिलं : पात्र होण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा, त्याला हवी ती शाखा आणि हवी ती आयआयटी मिळण्याची शंभरात एक. हा माझा अंदाज, कुठल्या संस्थेची आकडेवारी नाही. पण निदान अंदाज कशावरून केला ते खाली लिहिलेलं होतं.

तिसरी ओळ : राज्यातली चांगली कॉलेजं. पुण्याचं सीओईपी (१८५४ पासूनचं, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ), मुंबईचं व्हीजेटीआय (१८८७). तिथं दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश होतो ना? होतो. पण ती रांग पदविकावाल्यांची आहे. डिप्लोमा करून येणाऱ्यांसाठी मंजूर जागांच्या १० टक्के आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नावाजलेल्या शाखांना तिथं डिप्लोमाचे पंच्याण्णव टक्केवालेही धडधडत्या छातीने उभे असतात. बाबू बारावीवरून आला, तो त्या रांगेतच नाही. एका डिग्री कॉलेजातून दुसऱ्यात बदली मिळते, पण ती रिकाम्या जागेवर, दोन्हीकडच्या संमतीने आणि विषय जुळले तर. आणि जिथं सगळ्यांना जायचंय तिथं जागा रिकामी का राहील? बदली सहज मिळते ती बहुतेक अशा कॉलेजात, जिथून मुलं निघून जाऊन राह्यली आहेत!

चौथी ओळ : अमेरिका. इथं मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर ही खरीखुरी, जुनी पद्धत आहे. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजातून १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असेच ट्रान्सफर होऊन गेले. तेव्हा अंश शून्य नाही. पण किती? हार्वर्डला ट्रान्सफरच्या अर्जांतून साधारण शंभरात एक जण घेतात. प्रिन्स्टनने तर १९९० मध्ये ट्रान्सफर बंदच केली होती, ती २०१८ मध्ये परत सुरू केली, आणि तीही मूठभरांसाठी.

बाबू लगेच म्हणाला, "पण बर्कलीचं पाह्य ना! तिथं तर चार-पाचांत एक घेते!" आकडा खरा आहे. पण माझं म्हणणं तेच, छेदात कोण कोण आहे ते पाहा. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाची एक मोठी योजना आखली. तिच्यानुसार तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्वस्तातल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात शिकलेल्या मुलांना राज्याच्या विद्यापीठात पुढची दोन वर्षं शिकायला प्राधान्य मिळतं. बर्कलीला ट्रान्सफरने घेतलेल्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त याच कॉलेजांतले असतात. म्हणजे 'चार-पाचांत एक' हा आकडा त्या राज्यातल्या मुलांचा, सावनेर तालुक्यातल्या मुलाचा नाही! शिवाय तिथं ट्रान्सफर मुख्यतः तिसऱ्या वर्षाला, म्हणजे दोन वर्षांचं काम हातात पाहिजे. बाबूचं तर एक सेमही झालं नव्हतं. आणि खर्च? परदेशी विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासकट वर्षाला साठ-सत्तर लाखांच्या घरात. परदेशी मुलांना पैशाची गरज न बघता प्रवेश देणाऱ्या आणि मग सगळी गरज भागवणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या म्हणजे त्या शंभरात एकवाल्याच.

तरी बाबू हटला नाही. इंजिनिअरिंगचाच मुलगा तो. म्हणाला, "दहा ठिकाणी अर्ज करतो. एकेक टक्का म्हटलं तरी दहा टक्के होते." मॅथ्सवाल्या सरांना आनंद होईल म्हणून सांगतो, नीट काढलं तर उत्तर साडेनऊच्या वर येतं : एक वजा शून्य पूर्णांक नव्व्याण्णवचा दहावा घात. पण हे सूत्र चालतं कधी? घटना एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा. इथं दहाही ठिकाणी अर्ज जाणार एकाच बाबूचा. तीच मार्कशीट, तीच शिफारसपत्रं, तीच पैशाची अडचण. पहिल्या ठिकाणी जे कमी पडलं तेच दहाव्या ठिकाणी कमी पडणार. दहा वेळा नाणं उडवणं वेगळं, आणि एकच नाणं दहा जणांना दाखवणं वेगळं. अर्जाची फी मात्र दहा वेळा, प्रत्येकी सत्तर-नव्वद डॉलर.

राहता राहिली कन्सल्टन्सीची नव्वद टक्के गॅरंटी. हार्वर्डला जे शंभरात एक आहे ते नागपूरच्या एका ऑफिसात शंभरात नव्वद कसं होतं? सोपं आहे. 'टॉप युनिव्हर्सिटी' हे शब्द माणसाच्या तोंडात असतात, कागदावर नसतात. फी भरेल त्याला घेणाऱ्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणं हे नव्वद काय, नव्व्याण्णव टक्के जमतं! मी काकांना तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. एक, कोणत्या युनिव्हर्सिटीत, नाव लिहून द्या. दोन, गेल्या वर्षी तुमच्याकडून किती मुलांनी अर्ज केले आणि किती गेले? तीन, त्यांतले किती जण आपल्यासारख्या भारतीय इंजिनिअरिंग कॉलेजच्या मधूनच गेले? काकांनी फोनवर ते तिन्ही प्रश्न शांतपणे वाचून दाखवले. "ही माहिती कॉन्फिडेन्शियल असते साहेब," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर फोन आला नाही. तारणाचा कागद मावशीने कपाटातून काढून धान्याच्या डब्याखाली ठेवला, आणि तिथून तो वर आलाच नाही.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर तो हिशोब अर्धाच राहिला असता. 'नाही जमत' हे सांगायला ज्ञान लागत नाही, शेजारीपाजारीही सांगतात. म्हणून पाचवी ओळ आखली आणि बाबूला विचारलं, "तिथं जाऊन तुला नेमकं काय पाह्यजे?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "चांगली लॅब. शिकवणारे. अन् बरोबरची पोट्टी अशी, का ज्यांना पाहून आपल्यालाही अभ्यास करावासा वाटते. अन्..." मग हळूच, "अन् नाव."

आता या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या की चित्र बदलतं. नाव सोडलं तर बाकीच्या तिघींसाठी मधली भिंत फोडावीच लागते असं नाही. आयआयटी मद्रासचा इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्समधला ऑनलाईन बीएस अभ्यासक्रम २०२३ पासून आहे. त्याला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची क्वालिफायर परीक्षा पास व्हावी लागते आणि प्रयोगांसाठी काही दिवस चेन्नईला जावं लागतं. तो बी.टेक. नाही, हे स्पष्ट लक्षात ठेवा. पण यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिल्यामुळे तो आपल्या डिग्रीसोबत करता येतो. उन्हाळ्यात विज्ञान अकादमींच्या संशोधन फेलोशिप असतात, आयआयटी कानपूरची 'सर्ज' असते. त्यांना बाहेरच्या कॉलेजची मुलं अर्ज करू शकतात.

आणि नाव? त्याचं दार डिग्रीच्या मध्ये नाही, शेवटी आहे. गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, गुण तीन वर्षं चालतात. तिथंही गर्दी आहे, २०२४ ला साडेसहा लाख मुलं बसली होती. पण ती रांग तुमचं कॉलेज कोणतं हे विचारत नाही, आणि गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. बाग तारण ठेवावी लागत नाही. आपल्याच विदर्भातलं उदाहरण घ्या. परम महासंगणकाचे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. त्यांनी १९६५ मध्ये नागपूरच्या याच 'व्हीआरसी'तून बी.ई. केलं, मग बडोद्याला एम.ई., मग १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएच.डी. आणि १९९१ मध्ये परम ८०००. कुठंही मधूनच उडी नाही. प्रत्येक वेळी एक काम पूर्ण केलं आणि पुढच्या दारातून आत गेले.

आता तुम्ही विचाराल, बाबूचं पुढं काय झालं? त्याने कॉलेज सोडलं नाही. पण २०२५ ची शिल्लक संधीही वाया घालवली नाही. पहाटे चारला उठून अभ्यास केला, १८ मे ला अ‍ॅडव्हान्स्ड दिली. त्या वर्षी पेपर कठीण होता, ओबीसीला पात्र व्हायला ६६ च लागले. बाबूला ५८. आठ मार्कांनी राहिलं. त्या रात्री तो कोणाशीच बोलला नाही, नदीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी काही जण म्हणाले, "पाह्यलं, दादानं आधीच सांगतलं होतं." हे मात्र मला अजिबात पटलं नाही. शंभरात दहा-पंधरा म्हणजे शून्य नव्हे. तो पात्र झाला असता तरी माझा अंदाज चुकला नसता, आणि झाला नाही म्हणून बरोबरही ठरत नाही. अंदाजाचं काम भविष्य सांगणं नाही. कोणत्या दारावर किती लावायचं, एवढंच तो सांगतो. बाबूने त्या दारावर पहाटेची झोप लावली, दोन एकर बाग लावली नाही. बस, हिशोब तेवढ्यासाठीच होता.

आज बाबू त्याच कॉलेजात आहे. लॅबमध्ये अजूनही एका यंत्रावर दहा जण आहेत, त्यात फरक पडलेला नाही. मद्रासची क्वालिफायर तो पास झाला. रात्री जेवण झाल्यावर ते लेक्चर बघतो, आणि कधी कधी मला फोन करून असे प्रश्न विचारतो की मला माझीच पुस्तकं उघडावी लागतात. त्याच्या वहीत आता 'गेट' नावाची नवी ओळ आहे आणि तिच्यातला आकडा तो स्वतःच भरतो, मला विचारत नाही.

तेव्हा मित्रांनो, निकाल लागला आणि साथ परत आली तर लाजू नका. मोठ्या जागी जावंसं वाटणं हा काही रोग नाही, गरीब घरच्या पोरांना तर ते वाटलंच पाहिजे. फक्त कोणी टक्के सांगितले की विचारा, "खाली छेदात कोण?" ज्यांना हिशोब करून हवा असेल त्यांनी रात्री मेस झाल्यावर माझ्या रूमवर यावं. वही माझी, पेन तुमचं. आणि हो, येताना कोणी 'खापरखेडावाला कुठं राहतो?' असं विचारत येऊ नका. दार उघडणार नाही!